रेसरची मुलाखत भिडत नाही? एडिट मोडून काढण्याआधी हे तपासा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ आहे. पोटापाण्याचं काम तेच. पण गेली काही वर्षं दुसरं एक काम दाराशी येऊन बसलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं: डर्ट ट्रॅकवर गाड्या पळवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांच्या मुलाखती. तूर निघून रान मोकळं झालं की कुठं ना कुठं ट्रॅक आखला जातो, रेस होते, आणि आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतो. त्यात हेल्मेटवरच्या गोप्रोचं, म्हणजे छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याचं, फुटेज असतं, मित्राच्या मोबाइलमधलं असतं, आमच्यासारख्या लग्नवाल्याच्या कॅमेऱ्यावर घेतलेली मुलाखत असते, जमलं तर ड्रोन असतो. शिवाय गाडीवरून पडल्याचा तो एक व्हिडिओ, जो व्हॉट्सॲपवर दहा जणांच्या हातून फिरून आलेला असतो. पोरांनी घरी बसून एडिट केलेलं असतं आणि तक्रार दरवेळी एकच: "दादा, सगळं हाये याच्यात, पण पाहून काहीच वाटून नाही राहिलं."

हे दुखणं मी इतक्यांदा दुरुस्त केलं आहे की तपासायचा क्रम आता ठरून गेला आहे. फुकटात होणारं आधी, पेट्रोल जाळून पुन्हा शूटिंगला जावं लागणारं शेवटी. सुरुवातीच्या काळात मी थेट रंग आणि इफेक्टला हात घालायचो. दोन-दोन रात्री जायच्या आणि दोष भलतीकडेच निघायचा.

लक्षणं

- घरचे लोकसुद्धा अर्ध्यात मोबाइल खाली ठेवतात.
- सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पाच-दहा मिनिटांनी सुटतात.
- गाणं वर, माणूस खाली. बोलणं कान देऊन ऐकावं लागतं.
- प्रत्येक कटला मागचा आवाज बदलतो. घरघर, मग शांत, परत घरघर.
- ट्रॅकवर कॅमेरा फिरला की चित्र धक्के खातं.
- चेहऱ्यावरून उजेडाचे पट्टे सरकत राहतात.
- कुठंच काही चुकलेलं दिसत नाही, तरी सगळं कोरडं.

शेवटचं लक्षण सर्वांत जास्त येतं आणि सर्वांत जास्त छळतं. बाकीची एकेकटी क्वचितच येतात, बहुतेक व्हिडिओत तीन-चार एकत्र असतात.

आधी पाठ फिरवून ऐका

पैसा लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. व्हिडिओ लावा, पडद्याकडे पाठ करा आणि पूर्ण ऐका. हेडफोन नको, साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण गावात तो पाहिला जाणार आहे तो तसाच. नुसतं बोलणं ऐकून तुम्ही शेवटपर्यंत थांबलात, तर गोष्ट शाबूत आहे आणि दोष चित्रात आहे. मधेच कंटाळा आला, तर चित्रावर कितीही मेहनत घ्या, उपयोग नाही. दोष बोलण्याच्या निवडीत, क्रमात किंवा आवाजात आहे. या एका तपासणीनं निम्मं काम बाजूला पडतं, म्हणून ती टाळू नका. कंटाळा आला तो मिनिट-सेकंद कागदावर लिहून ठेवा. पुढं तोच कागद लागतो.

मग गाण्याचा ट्रॅक बंद करा

पूर्ण बंद. कमी नाही, बंद. पोरं गाणं आधी टाकतात आणि मुलाखत त्यावर बसवतात, म्हणून माणूस गाण्याच्या तालावर कापला जातो. गाणं काढल्यावर बोलण्याचे तुटके काठ लगेच कळतात. मी गाणं अगदी शेवटी टाकतो, तेही बोलण्याच्या पंधरा-वीस डेसिबल खाली, आणि जिथं रेसर सगळ्यात जड गोष्ट सांगतो तिथं ठेवतच नाही. शिवाय सगळं जोरात करून उपयोगही नसतो. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा एकूण आवाज मोजायचं माप) वर गेलेला आवाज स्वतःच खाली ओढतं, मग तुमचं गाणं आणि बोलणं दोन्ही चेपलेली ऐकू येतात.

एक फोन करा, मूळ फाइल मागा

पडल्याचा तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आला असेल तर त्याचे चौकोन-चौकोन झालेले असतात. ज्यानं काढला त्याला शोधून फोन करा आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवली की व्हॉट्सॲप ती दाबत नाही, आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते. गावात कुणी काढला हे कुणाला ना कुणाला माहीत असतंच. सगळ्या व्हिडिओचा जीव ज्या पाच सेकंदांत आहे ते पाच सेकंद स्वच्छ दिसायला हवेत.

गोप्रोचं कार्ड आलं असेल तर फाइलींची नावंही पाहून घ्या. जीएक्स०१००३४ आणि जीएक्स०२००३४ या दोन वेगळ्या फाइली नाहीत, एकाच रेकॉर्डिंगचे दोन तुकडे आहेत. शेवटचे चार आकडे तेच, आधीचे दोन म्हणजे तुकड्याचा क्रम. पोरं दुसरा तुकडा विसरतात आणि मग म्हणतात, रेसचा शेवट रेकॉर्डच झाला नाही.

थांबे परत जोडा

आता मुख्य गोष्ट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या.

एका रेसरची मुलाखत माझ्याकडे आली होती. वय बावीस-तेवीस, मनगटाला टाके पडल्याची खूण. प्रश्न होता की गाडी कुठून आली. एडिटमध्ये त्याचं उत्तर असं होतं: "मायनं सोयाबीन इकलं अन् मले सेकंडहँड गाडी घेऊन देल्ली. बाबाले सांगतलंच नाही." वाक्य चांगलं, पण पाहताना ते सरळ निघून जायचं. मी मूळ फाइल उघडली. "घेऊन देल्ली" नंतर तो थांबला होता. चार सेकंद. खाली पाहतो, अंगठ्यानं मनगटावरची ती खूण चोळतो, एक श्वास घेतो, मागं कुठंतरी बकरी ओरडते, आणि मग म्हणतो, "बाबाले सांगतलंच नाही." एडिट करणाऱ्यानं ते चार सेकंद रिकामे समजून कापले होते. मी ते जसेच्या तसे परत ठेवले, बकरीसकट. दुसरं काहीच केलं नाही. त्याची आई स्टुडिओत बसून पाहत होती. त्या जागी तिनं पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून माझी तपासणी ठरलेली आहे. कागदावर लिहिलेल्या प्रत्येक कंटाळ्याच्या जागी मूळ फाइल उघडतो आणि कटच्या आधीचे-नंतरचे पाच सेकंद पाहतो. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, बोलून झाल्यावर नजर हलवतो. कट श्वासाच्या आधी असावा, आणि शब्द संपल्यावर नजर खाली गेली की मग पुढं जावं. "अं", "म्हणजे" काढायला हरकत नाही, पण सगळे काढू नका. ज्याचं बोलणं फार गुळगुळीत होतं, तो पाठ केलेलं म्हणतोय असं वाटतं.

अशा जागी चेहरा झाकूही नका. माणूस बोलायला लागला की वर लगेच रेसचा शॉट टाकायची सवय आहे सगळ्यांना. तो ट्रॅकचं, गिअरचं, वळणाचं सांगत असेल तेव्हा खुशाल गोप्रो दाखवा. तो आईचं सांगत असेल तेव्हा त्याच्याकडेच पाहू द्या.

क्रम पाहा

सुरुवात "माझं नाव अमुक, मी अमुक गावचा" अशी असेल तर ती उचलून पुढं कुठंतरी ठेवा, किंवा नाव पट्टीवर लिहा. पहिल्या पंधरा सेकंदांत एक प्रश्न मनात पेरला गेला पाहिजे. गाडी पडलेली दिसली, उठलेला माणूस दिसला नाही, आणि तिथंच काळा पडदा, मग मुलाखत. आता पाहणारा थांबतो.

आणखी एक नेहमीचा अडथळा. २०१५ साली मोटरसायकल रेसर सी. एस. संतोष लांब पल्ल्याची खडतर डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हे आमची बरीच पोरं मुलाखतीत सांगतात. ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ मध्ये मोटरसायकलींच्या रानोमाळच्या रॅलींचा महिलांचा बाहा वर्ल्ड कप जिंकला, हे एका रेसर मुलीनं मला डोळे चमकवत सांगितलं होतं. एडिट करणारे ही वाक्यं उचलून सुरुवातीला माहितीसारखी लावतात आणि ती कोरडी पडतात. तीच गोष्ट तिथं ठेवा जिथं ती मुलगी म्हणते की बातमी पाहिली त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा भावाची गाडी अंगणात स्टँडवर लावून सुरू केली. मग तो विजय तिच्या अंगणात येतो.

ओठ आणि आवाज सुटत असतील तर

आता सॉफ्टवेअरचं काम. आधी आवाज कसा सुटतोय ते ओळखा, कारण तीन प्रकारांचे उपाय वेगळे आहेत. सुरुवातीला आणि शेवटी तेवढाच फरक असेल, तर नुसता ट्रॅक सरकवा, काम झालं. फरक वाढत जात असेल, तर फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतली त्या आकड्याची, भानगड आहे. अचानक एका जागी उडी असेल, तर मघाशी सांगितलेला तुकडा राहिला आहे किंवा मधे रेकॉर्डिंग तुटलं आहे.

वाढत जाणाऱ्या फरकाचा गुन्हेगार बहुधा मोबाइल. फोन उजेड आणि गरमी पाहून दर सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर त्या सारख्या आहेत असं धरून चालतं. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, फाइल उघडा, "फ्रेम रेट मोड" पाहा. व्हेरिएबल लिहिलं असेल तर हँडब्रेकमधून, तेही फुकट, "कॉन्स्टंट" निवडून नवी फाइल काढा. क्वालिटीचा आकडा १६ ते १८ ठेवा; कमी आकडा म्हणजे चांगलं चित्र. मूळ फाइल पुसू नका. हे एडिट सुरू करण्याआधी करायचं असतं, नाहीतर सगळे कट परत लावावे लागतात.

२९.९७ आणि ३० हे फ्रेम रेट सारखेच समजणंही महागात पडतं. फरक हजारात एकाचा आहे, पण दहा मिनिटांच्या मुलाखतीत तो ०.६ सेकंद होतो. एवढ्यात ओठ मिटलेले दिसतात आणि शब्द ऐकू येत राहतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

ट्रॅकच्या पलीकडून काढलेल्या शॉटमध्ये सिंक, म्हणजे चित्र-आवाजाचा मेळ, बरोबर असूनही आवाज मागं पडलेला वाटतो. तो दोष नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गाडी ३४ मीटरवर असेल तर दणका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा येतो. पडद्यावर मात्र ते खोटं दिसतं, म्हणून गाडी आदळते त्या फ्रेमवर आवाज ओढून आणा.

धक्के आणि पट्टे

टाइमलाइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा ओळीनं मांडतो त्या पट्टीचा, फ्रेम रेट क्लिपा आत घेण्याआधी ठरवा, मुलाखत ज्या रेटवर आहे तोच ठेवा. आपल्याकडे २५ सोयीचा. कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) पन्नासांश किंवा शतांश सेकंद असेल तर ते दिसत नाही. फोन ऑटोवर भलतंच शटर पकडतो आणि चेहऱ्यावर पट्टे येतात. आलेले पट्टे नीट निघत नाहीत. ते वाक्य आवाजानं चालवा आणि वर ट्रॅकचं चित्र ठेवा.

३०च्या क्लिपा २५च्या टाइमलाइनवर टाकल्या की सहातली एक फ्रेम गळते आणि फिरता कॅमेरा धक्के खातो. जिथं मूळ आवाज लागत नाही तिथं अशा क्लिपचा वेग ८३ टक्के करा, सगळ्या फ्रेम वापरल्या जातात आणि चित्र पाण्यासारखं जातं. ६०ची क्लिप ४२ टक्क्यांवर, १२०ची साधारण २१वर. पण स्लो मोशन एकदाच वापरा. पाच वेळा वापरलं तर पडल्याचा शॉट आणि चहा पितानाचा शॉट एकाच वजनाचे होतात.

कूलर

आपल्याकडच्या मुलाखतींचा हा सर्वांत मोठा शत्रू आहे. मार्चपासून घराघरांत कूलर सुरू. अर्धी मुलाखत झाल्यावर कुणीतरी "गरम होऊन राहिलं" म्हणून बटन दाबतो, मग एडिटमध्ये एका वाक्यात घरघर आणि पुढच्यात शांतता. आधी ८०-१०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापा. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची घरघर कमी करणारा फिल्टर, थोडंच लावा. जास्त लावलं की माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. राहिलेली घरघर काढण्यापेक्षा सगळीकडे सारखी करा. त्याच खोलीतली बिनबोलण्याची घरघर मुलाखतीत कुठंतरी सापडते, ती शांत वाक्यांखाली हलकी पसरवा. कान एकसारख्या आवाजाची सवय लावून घेतो, बदललेल्या आवाजाची नाही. पुढच्या वेळी सगळे गप्प बसून त्या जागेचा आवाज तीस सेकंद रेकॉर्ड करा, कूलर बंद करून.

टिनाच्या शेडमधला घुमणारा आवाज मात्र एडिटमध्ये जात नाही. मुलाखत घेताना मागं कापसाच्या गंजीशेजारी किंवा गाद्यांच्या ढिगाजवळ बसवा.

गाडीचा आवाज वेगळा रेकॉर्ड केलेला आहे का, तेही पाहा. आपल्याकडे अजून यामाहाच्या आरएक्स १००वर जीव टाकणारी पोरं आहेत. १९८५ साली आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली गाडी, पण किक मारल्यावरचा तो टू-स्ट्रोक आवाज ओळखीचा आहे म्हाताऱ्यांनाही. मुलाखतीतला चेहरा पडद्यावर असतानाच किकचा आवाज येऊ द्या, गाडी नंतर दिसू द्या.

रंगाबद्दल थोडक्यात: आधी सगळ्या कॅमेऱ्यांतली कातडी जुळवा, मग माती. आपली माती काळी आहे. गोप्रोत ती निळसर दिसत असेल तर पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते रान परकं वाटतं.

सगळं करूनही कोरडं वाटत असेल

मग पुन्हा त्याच्या गावी जावं लागेल. हे शेवटचं आणि महाग, पण कधीकधी दुसरा इलाज नसतो. मूळ मुलाखतीत "माझ्या आईचा मला खूप पाठिंबा मिळाला" एवढंच असेल, तर कोणत्याही कटनं त्यातून आई बाहेर येणार नाही. बहुतेक वेळा कुणीतरी त्याला "शुद्ध बोल" म्हटलेलं असतं. कॅमेरा पाहून तो शाळेतल्या भाषणाची मराठी बोलतो आणि त्या मराठीत त्याच्या घरचं काही सांगताच येत नाही. त्याला त्याच्या वऱ्हाडीत बोलू द्या. तुम्हीही तसेच विचारा: "काहून पडला बे त्या वळणावर?" खुर्चीवर बसवू नका, गाडीजवळ बसवा, हातात पाना द्या, चेन साफ करू द्या. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. "कसं वाटलं" विचारू नका, "तवा काय केलं" विचारा. उठलो, हेल्मेट काढलं, आधी गाडी पाहिली, मग पाय पाहिला. त्याच सांगण्यात सगळं येतं.

इथं थांबा

बोलणं रेकॉर्ड होतानाच फाटलेलं असेल, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची जी लाट दिसते (वेव्हफॉर्म) तिचे माथे सपाट कापलेले दिसत असतील, तर एकदा प्रयत्न करा आणि सोडा. अमरावती-नागपूरकडच्या साउंड रेकॉर्डिंगवाल्याला मूळ फाइल द्या. तुम्ही वरून फिल्टर चढवलेली फाइल दिली तर त्याच्याही हातात काही उरत नाही.

मेमरी कार्ड "फॉरमॅट करा" म्हणत असेल तर करू नका. त्यात नवीन काही रेकॉर्ड करू नका, फुकटची रिकव्हरी सॉफ्टवेअरं एकामागोमाग चालवू नका. नवीन लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं. कार्ड काढा, पाकिटात घाला, वर तारीख लिहा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. हार्ड ड्राइव्हमधून टकटक आवाज येत असेल तर ती परत सुरूही करू नका.

आणि तिसरी जागा. एक रेसर मोठ्या अपघातानंतर माझ्यासमोर बसला होता. पडल्याचा शॉट मी लॅपटॉपवर लावला, तसे त्याचे हात कापायला लागले, घाम फुटला. नंतर म्हणाला की रात्री झोपच नाही, डोळे मिटले की वळण दिसतं. असा माणूस कॅमेऱ्यासमोर रडेल, व्हिडिओ भिडेलही, पण तिथं रेकॉर्डिंग बंद करायचं. हे काम डॉक्टरांचं आहे. त्याच्या मोठ्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, मराठीत बोलता येतं तेही सांगितलं. त्याची मुलाखत अजून झालेली नाही. त्याच्या रेसचं फुटेज मी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर जपून ठेवलं आहे.